ओलं सारवण

१

दुपारचा भात उरकला, खरकटी भांडी घरामागच्या सांदवाडीत गेली आणि घनश्यामभाऊजी पुन्हा खळ्याकडे निघाले, की आसगावचं ते घर एकदम गप्प व्हायचं. मागे कोंबड्या तेवढ्या कुरकुरायच्या. बाळंतिणीच्या खोलीत रुखमाताई आणि तिची नवी लेक झोपलेल्या असायच्या. मग पंचफुला छपरीत, त्या खोलीच्या उंबऱ्याशीच चटई टाकायची, परीक्षेचं पॅड मांडीवर घ्यायची आणि रेघा ओढत बसायची.

रेघा ओढणं हे तिचं औषध होतं. त्या वर्षी, म्हणजे त्र्याऐंशी साली, बी.ए.च्या शेवटच्या पेपराला तिचा हात असा काही थरथरायला लागला की नाव-नंबर टाकून कोरा पेपर देऊन ती बाहेर आली. त्यानंतर शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर एक उद्योग लावून दिला. कागदावर चौकट आखायची. आत एक वेडीवाकडी रेघ फिरवायची, म्हणजे चौकटीचे तुकडे पडतात. मग एकेक तुकडा भरत जायचं. ठिपके, जाळी, लाटा, काय हाताला येईल ते. चित्र काढायचं नाही, खोडायचं नाही. श्वास घेताना एक रेघ, सोडताना एक.

"हात चालू राहू द्या, डोकं आपोआप शांत होतं," डॉक्टर म्हणाले होते. "आणि एकही तुकडा कोरा ठेवू नका. कोरं दिसलं की मन तिथं जाऊन बसतं."

तिचे बाबा, मधुकरराव, भंडाऱ्याला शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. त्यांनी स्केचपेनांचं एक पाकीट आणि एक जाड काळा मार्कर आणून दिला. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पानं, मागच्या कोऱ्या बाजूची. आई नव्हती, म्हणून ताईचं पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं आणि पंचफुला मदतीला आली, ती हे सगळं पिशवीत घालून. येताना बाबांच्या चेहऱ्यावर काळजीच होती. हिला सांभाळायला तिकडे माणूस लागेल, हिचा काय उपयोग, असं ते बोलले नाहीत, पण तिने ते ऐकलं.

त्या दुपारी ती अर्ध्या कागदापर्यंत आली आणि आतून लेकरू कुरकुरलं. ती उठली, दुपटं बदललं, पाठीवर थोपटलं, परत येऊन पॅड घेतलं. वरच्या कोपऱ्यातला तुकडा भरलेला होता. हिरव्या रंगात एकात एक कमानी, पंख्यासारख्या पसरलेल्या, इतक्या दाट आणि इतक्या शांत की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. असं आपल्याला कधी जमलं?

मग तिने पॅड उजेडाकडे धरलं. रेघा उलट्या बाजूला कलल्या होत्या.

२

रेघ कुणाची ते बाबा ओळखायचे. दुसऱ्याकडून चित्र काढून आणणारी पोरं ते अशीच पकडायचे. उजव्या हाताने भराभर रेघा मारल्या की त्या उजवीकडे झुकतात, डावरा माणूस असेल तर डावीकडे. "नाव खोटं लिहिता येतं, कल खोटा नाही काढता येत," असं ते घरीही म्हणायचे. पंचफुलाने त्याच पानावर कडेला मुद्दाम रेघा मारून पाहिल्या. सगळ्या उजवीकडे. त्या हिरव्या कमानी मात्र सगळ्या डावीकडे.

पॅड तिरपं धरलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. झोप आली असेल. गोळ्यांनी असं होत असेल. संध्याकाळपर्यंत तिने हे एवढ्या वेळा सांगितलं की शेवटी तिचाच त्यावर विश्वास राहिला नाही.

रात्रीच्या जेवणाला बसताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, माझ्या कागदाला कुणी हात लावला का हो?"

घनश्यामने ताटावरून मान वर केली. धानाचा भुसा त्याच्या भुवयांतसुद्धा बसला होता. "तुमच्या कागदाले? बाप्पा! मले तं सही करायची म्हटलं तरी घाम येते. काहून, काही चोरीले गेलं?"

"नाही. उलट जास्त झालंय."

"अस्सं?" तो हसायला लागला. "म्हंजे चोर आला, चित्र काढलं अन् निघून गेला. असा चोर आमच्या गावात कोठी मिळते फुलाबाई! असन तं त्याले सांगा, खळ्यावर दोन दिवस येजो म्हना, माणूस कमी पडून राहिला."

त्याची आई, आनंदाबाई, चुलीजवळ बसली होती. ती हसली नाही. "आन वो इकडे, पाहू दे," ती म्हणाली आणि तिने कागद डाव्या हाताने धरला. कापणीत विळा लागून तिचा उजवा अंगठा चांगलाच कापला होता. त्यावर अजून हळदीची चिंधी होती. चुलीच्या उजेडात तिने कागद फिरवून फिरवून पाहिला.

"दिवसभर हे करून राहिली होय तू? रांगोळी म्हनावं तं रांगोळी नाही." मग तिने बोट न लावता त्या हिरव्या तुकड्याभोवती हवेत बोट फिरवलं. "सगळं भरून टाकलं. यातून निघायले वाट कोठी ठेवली?"

"कुणाला निघायला, मावशी?"

"कोनालेही," आनंदाबाई म्हणाली आणि भात वाढायला वळली. डाव्या हाताने.

३

पंचफुला भित्री होती, पण वेंधळी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने पेनांची टोकं एकेक करून उजेडात धरली. स्केचपेनचं टोक मऊ असतं, ज्याच्या हाताने चालतं त्या अंगाने ते झिजतं. तांबडं, निळं, जांभळं, सगळी टोकं एकाच अंगाने बसकी झाली होती, तिच्या हाताच्या. हिरव्याचं टोक दोन्ही बाजूंनी झिजून कौलाच्या पाख्यासारखं झालं होतं.

म्हणजे पेन दोघांच्या हातात गेलं होतं. हे भास नव्हते. तिला एकाच वेळी हायसं वाटलं आणि भीतीही वाटली.

मग तिने एक युक्ती केली. सगळा कागद भरला आणि मधोमध एक तुकडा मुद्दाम कोरा ठेवला. पॅड छपरीत टाकून ती लेकराच्या आंघोळीचं पाणी तापवायला मागे गेली. परत आली तेव्हा तो तुकडा कमानींनी भरलेला होता. हिरव्या पेनाचं टोपण लावलेलं होतं, घट्ट. छपरीसमोर अंगणात आनंदाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती, पाठमोरी.

"मावशी, इथं कोणी आलं होतं का?"

"मी बसली आहो न. कोन येते?"

घरात मोठी माणसं चार. भाऊजी दिवसभर खळ्यावर. ताई खाटेवर, उठली तर कमरेत कळ यायची. उरली कोण? ज्या बाईला लिहिता येत नाही तिला रेघाही ओढता येत नाहीत, असं कुठे आहे? दारापुढे रांगोळीचे सुरेख चौक घालणारा हात तो. आणि सध्या डाव्यानेच चालणारा.

पण कशासाठी, या प्रश्नाशी पंचफुला अडायची. मग उत्तरं आपोआप सुचायला लागायची. लेकरू जन्मलं तेव्हा आनंदाबाई सुईणीला म्हणाली होती, "पोरगी होय काय? पोट्टा असता तं बरं झालं असतं." एवढंच म्हणाली होती. आणि दिवसातून दोनदा काळा काढा घेऊन यायची, ताई तो प्यायली की दुपारभर उठायची नाही. आणि ताईच्या खोलीत पंचफुला गेली की पाठोपाठ कशालाही म्हणून येऊन उभी राहायची. कॉलेजात असल्या गोष्टी ती हसण्यावारी न्यायची. करणी, मूठ, सगळा अडाणीपणा. इथे, शेणाने सारवलेल्या भिंतींच्या आत, तिला हसायला जमेना.

आपल्याला बहिणीवर आणि भाचीवर नजर ठेवायची आहे, हे तिने मनाशी पक्कं केलं. आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर काय होईल ते तिला माहीत होतं. बाबांना निरोप जाईल, हिला घेऊन जा म्हणून.

४

खोलीत ओल्या शेणाचा वास आला, तो भर दुपारी.

त्या घरात एक रीत होती. बारसं होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पोतेरं फिरवायचं नाही. झाडायचं, राख टाकायची, पण सारवायचं नाही. आनंदाबाईनेच ती पहिल्या दिवशी सांगितली होती. म्हणून वास येताच पंचफुला गुडघ्यांवर बसली आणि खाटेखाली वाकून पाहिलं.

खाटेखालची जमीन ताजी सारवलेली होती. हाताचे फटकारे स्पष्ट उमटले होते, एकात एक, पंख्यासारखे. सारवणाचे फटकारे प्रत्येक बाईचे वेगळे असतात, हे तिला भंडाऱ्यात लहानपणापासून माहीत होतं. हे डावीकडे कलले होते. तिने बोट लावलं. बोट ओलं आणि थंडगार झालं.

वर खाटेवर ताई गाढ झोपली होती. लेकरू जागं होतं. ते रडत नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात धान भरलेली बांबूची ढोली होती, तिच्याकडे डोळे लावून ते शांतपणे पाहत होतं.

पंचफुलाने त्या दिवशी रेघा ओढल्या नाहीत. सांदवाडीकडे जाते असं मोठ्याने सांगून ती घराला वळसा घालून आली आणि खोलीच्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. फार वेळ लागला नाही. आनंदाबाई आत होती. जमिनीवर गुडघे टेकून, पदर खोचून, डाव्या हाताने ओलं फडकं चालवत होती. खाटेपासून सुरू करून मागे मागे सरकत, उंबऱ्याच्या रोखाने. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पंचफुलाने दार धाडकन उघडलं. "काय करताय मावशी?"

म्हातारी दचकली नाही. तिने फक्त खाटेकडे पाहिलं, दोघी उठल्या का म्हणून, आणि पंचफुलाला दंडाला धरून बाहेर आणलं. तिचा हात मनगटापर्यंत शेणाने माखला होता.

"खोलीत बोलू नोको," ती कुजबुजली.

"बारशापर्यंत सारवायचं नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"मी सारवत नाही वो. पुसून राहिली."

"काय पुसता?"

"लेकराच्या मायले बाहेर यायची वाट. तेवढी पट्टी मोकळी राहिली पाहिजे." तिचे डोळे थकलेले होते, लाल झाले होते. "तू इचारू नोको. मी आहो न. अन् ते कागद चुलीत घाल, पोरी. जेवढं तू भरतं तेवढं मले पुसावं लागते."

पंचफुलाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट बसली, ती म्हणजे पकडलेली बाई कागद जाळायला सांगते आहे.

५

"ताई, तुझी सासू दुपारी या खोलीत काय करते, तुला माहीत आहे?"

रुखमाताईने लेकरू पाजता पाजता डोळे अर्धवट उघडले. बाळंतपणाने तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. "करते न, काही ना काही. माय नाही मले, त्यायनंच केलं सगळं. अन् तू काहून त्यायच्या मागे लागली?"

"ती काढ्यात काय घालते?"

"सुंठ, पिंपळमूळ. तू पिऊन पाह्य." ताई हसली. मग तिने हळूच बहिणीच्या केसांवरून हात फिरवला. "फुले, तुह्या गोळ्या चालू आहेत न वो? बाबाले सांगू काय?"

झालं. तेच झालं. पंचफुलाने मान हलवली, गोळ्या चालू आहेत म्हणाली आणि त्या क्षणापासून ती एकटी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने बेत केला. एक दुपार, फक्त एक दुपार आनंदाबाईला घराबाहेर ठेवायचं. मग कळेल. काही झालं नाही, तर चोर तीच. मग भाऊजींना पुराव्यासकट सांगता येईल. खळ्यावर चुरणं, म्हणजे मळणी, संपत आलं होतं. धानाची रास घरी आणण्याआधी घरच्या मोठ्या बाईने तिला हळद-कुंकू लावून पूजा करायची असते आणि त्या बोलावण्याला कोणतीही बाई नाही म्हणत नाही. पंचफुलाने नेमकं तेच खोटं बोलायचं ठरवलं.

"मावशी, भाऊजींचा निरोप आहे. रास झाली म्हणे, पूजेला बोलावलंय."

"आज?" आनंदाबाई चुलीपाशी थांबली. "सकाळी तं म्हने, परवा होते."

"मला काय माहीत? खळ्यावरचा कवडू सांगून गेला, रस्त्यावरूनच."

आनंदाबाईने खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग पंचफुलाकडे. पंचफुलाला वाटलं, पकडलं. पण म्हातारीने फडताळातून हळदीची वाटी काढली. रास वाट पाहते म्हटल्यावर तिचा इलाज नव्हता.

"बरं. मी गेली अन् आली. तू एक कर, मावलीसारखी आयक. दार लावू नोको. अन् मी येईपर्यंत कागदाले हात लावू नोको."

"हो," पंचफुला म्हणाली.

ती पिंपळाच्या वळणाआड गेल्यावर पंचफुलाने खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली.

६

खोलीला दुसरं दार नव्हतं. वर कौलांशी एक झरोका होता, त्यातून मांजर शिरेल, माणूस नाही. पाठीला दाराच्या फळ्या लागत होत्या. आता या घरात त्या दोघी बहिणी आणि लेकरू, यांच्याशिवाय कुणीही नव्हतं.

तिने पॅड घेतलं. हात लावू नोको म्हणाली होती, म्हणूनच घेतलं. हा तर पुरावा होणार होता.

चौकट आखली. रेघ फिरवली. पहिला तुकडा ठिपक्यांनी, दुसरा जाळीने. श्वास घेताना एक, सोडताना एक. हात कितीतरी दिवसांनी असा चालला, पाण्यासारखा. अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज लांब गेला. मधेच ती थांबायची, रेघांचा कल बघायची. उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. हिरवं पेन तिने पिशवीतून काढलंच नव्हतं. एकेक तुकडा भरत गेला आणि प्रत्येक तुकडा तिचा होता, तिच्या हाताचा. शेवटचा राहिला तो बारीक, उंबऱ्याच्या बाजूचा. तो तिने मार्करने भरीव काळा करून टाकला. सगळा कागद भरला. एक कण कोरा राहिला नाही.

तिला रडू आलं, इतकं बरं वाटलं. म्हणजे तीच होती. म्हातारी गेली आणि सगळं थांबलं. आपण वेड्या नाही. संध्याकाळी भाऊजींसमोर हिरव्या कमानींचा आणि आजचा, दोन्ही कागद ठेवायचे, बाबांना बोलवायचं, ताईला आणि लेकराला भंडाऱ्याला घेऊन जायचं. एस.टी.त पुढच्या बाजूला जागा धरायची, लेकराला वारा लागू नये म्हणून. तिने सगळं ठरवलं.

मग तिला वास आला.

आधी वाटलं, गोठ्याकडून. पण वास तिच्या पाठीमागून येत होता, दाराच्या फळ्यांतून, ओला आणि जवळचा. आणि आवाज. तो आधीपासूनच चालू असावा, तिच्या श्वासाच्या तालावर, म्हणून वेगळा ऐकू आला नव्हता. तळहात जमिनीवरून फिरतो तसा. सर्र. थांबायचा. सर्र.

तिने श्वास रोखला. आवाज थांबला नाही.

"ताई?"

आतून कुणी ओ दिली नाही. पण फडकं बादलीत बुचकळून पिळल्यासारखं काहीतरी वाजलं. त्या खोलीत बादली नव्हती.

७

तिने कडी काढली. दार उघडलं.

सगळी खोली सारवलेली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत, तिच्या कागदासारखी, कुठेही कोरी जागा न ठेवता. झरोक्यातून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात जमीन चकाकत होती आणि तिच्यावर त्या कमानी होत्या, एकीवर दुसरी चढलेली. पंचफुलाने लहानपणापासून सारवण केलं होतं. नंतरचा फटकारा आधीच्यावर चढतो, हे तिला न बघता कळायचं. सारवणारी बाई आतल्या भिंतीपासून सुरू करते आणि मागे मागे सरकत दारातून बाहेर पडते. हे सारवण उंबऱ्यापासून सुरू झालं होतं. उंबऱ्यापाशी ते थोडं सुकलं होतं. आत, खाटेकडे, अगदी ओलं होतं. कुणीतरी दाराकडून आत आत सारवत गेलं होतं, खाटेपर्यंत, ढोलीच्या कोपऱ्यापर्यंत. आणि परत येणारं एकही पाऊल नव्हतं.

खाटेवर रुखमाताई उठून बसली होती, पाय वर घेऊन, लुगडं गुडघ्यांशी आवळून. लेकरू मांडीवर होतं.

"पाय नको टाकू वो फुले," ती हळू आवाजात म्हणाली. "ओलं आहे."

"कुणी केलं ताई?"

"हळू बोल. आखीन झालं नाही त्यायचं." आणि तिने ढोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जसं घरात आलेल्या माणसाकडे पाहतात, मान थोडी झुकवून.

पंचफुलाने तिथे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती पळाली असती, हे तिला कळत होतं. तिने लेकराकडे पाहिलं आणि ओल्यात पाय टाकला. गार चिखल बोटांतून वर आला. ती धावत खाटेपाशी गेली, लेकरू उचललं, छातीशी धरलं. "चल ताई, ऊठ, माझ्या पावलांवर पाय टाक," असं म्हणत वळली.

पावलं नव्हती. फक्त तिच्या टाचांखालची शेवटची जोडी उरली होती. दारापासून इथवर जमीन सपाट, चकाकती, कमानी कमानींची. आणि ती पाहत असतानाच तिच्या डाव्या पायाशेजारी एक ओली चकाकी गोल वळली, सावकाश, जशी आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते. सर्र. तिच्या पायाची बोटं जिथे उमटली होती तिथे आता बोटं नव्हती.

पंचफुला खाटेवर चढली, कशी ते तिलाही कळलं नाही.

"फुला! वो फुला! दार काहून लावलं होतं?"

उंबऱ्यावर आनंदाबाई उभी होती. धावत आली असावी, तिचा श्वास फुटत होता. खळ्यावर खोटं उघडं पडलं असणार. एका हाताने चौकट धरून तिने दुसरा हात आत लांब केला. डावा.

"लेकराले दे. मले दे लवकर."

पंचफुलाने लेकरू आणखी घट्ट धरलं. तिने तो हात पाहिला. तिला तो हात पाहायचाच होता, सगळ्या गोष्टींच्या आधी. तळहातावर भुसा चिकटला होता. कोरडा, पिवळा भुसा, मनगटापर्यंत. नखांत हळद होती. शेणाचा डाग म्हणून नव्हता.

खोली लहान होती, तरी हात पुरत नव्हते. पंचफुला खाटेच्या कडेवर गुडघ्यांवर आली आणि पुढे झुकली. ताईने मागून तिचा पदर धरला. आनंदाबाईने अंगठ्याला चिंधी बांधलेल्या हाताने चौकट आवळली आणि ती एवढी आत वाकली की तिचा पदर ओल्यावर टेकला. तरी हातभर अंतर राहिलंच.

"सोड," म्हातारी म्हणाली. "पोरी, सोड."

पंचफुलाने सोडलं. क्षणभर लेकरू कुणाच्याच हातात नव्हतं.

मग ते आनंदाबाईच्या डाव्या हातात होतं, छातीशी, आणि पहिल्यांदा मोठ्याने रडत होतं. म्हातारी उंबऱ्यामागे सरली. तिने दोघी बहिणींकडे पाहिलं, आळीपाळीने, आणि तिचे ओठ हलले, पण लेकराच्या रडण्यात काही ऐकू आलं नाही. टेकलेला पदर तिने ओढून घेतला. जिथे तो टेकला होता तिथली जमीन पुन्हा सारखी झाली होती.

"सरक वो थोडी," ताई मागून म्हणाली. तिचा आवाज झोपेतल्यासारखा आणि मायेचा होता. "पाय वर घे. वाळेपर्यंत बसू."

छपरीत लेकरू रडत होतं आणि ते रडणं अंगणात, मग अंगणापलीकडे, हळूहळू लांब जात होतं. पंचफुलाने पाय वर घेतले. दोघी बहिणी एकमेकींना चिकटून खाटेच्या मधोमध बसल्या. उन्हाची पट्टी भिंतीवर चढत गेली. सारवण वाळत नव्हतं. आणि खाटेखालून, आता अगदी जवळून, कुणीतरी एकेक फटकारा घालत वर येत होतं.